जबाब घेताना, जबाब देताना

‘समक्ष विचारलेवरून जबाब लिहून देतो की...’ कोल्हापुरातलं पोलीस ठाणं जुना राजवाड्याचं असो, शाहूपुरीचं असो की करवीरचं, साक्षीदाराचा जबाब बहुधा अशाच ओळीनं सुरू होतो. पुढे पानभर मजकूर येतो आणि शेवटी ‘माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे’ असा शेरा. काय विचारलं, कोणत्या शब्दांत विचारलं, किती वेळा विचारलं, याचा कागदावर मागमूस नसतो. दोघांत झालेलं बोलणं कागदावर एकट्याचं कथन होऊन उतरतं.

माणसं एकमेकांचं बोलणं समजून घेतात म्हणजे नेमकं काय करतात, याचा विचार आपल्याकडे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, केला आणि विसाव्या शतकात ब्रिटन-अमेरिकेतल्या तत्त्वज्ञांनीही केला. त्यातलं तपासी अंमलदाराला आणि ठाण्यातून बोलावणं आलेल्या नागरिकाला उपयोगी पडेल तेवढंच इथे घेतलं आहे. सार असं: रोजच्या बोलण्यातल्या गाळलेल्या जागा आपण मनानंच भरतो. चौकशीत त्या प्रश्न विचारून भरायच्या असतात, आणि ती जबाबदारी विचारणाऱ्याची असते.

न बोललेलं गृहीत धरू नका

पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत संभाषणाचा एक अलिखित करार उलगडून दाखवला. बोलणारी माणसं एकमेकांना सहकार्य करत आहेत असं आपण धरून चालतो. समोरचा हवी तेवढी माहिती देईल, खरी देईल, विषयाला धरून देईल आणि स्पष्ट देईल, या चार अपेक्षा. त्यांच्या जोरावर आपण न बोललेलंही समजून घेतो. ‘रंकाळ्यावर कोण होतं?’ या प्रश्नाला ‘मी आणि माझा मावसभाऊ होतो’ असं उत्तर आलं, की दोघंच होते असं आपण समजतो. ‘दोघंच’ हा शब्द मात्र त्यानं उच्चारलेला नसतो.

कट्ट्यावर हा अंदाज बहुधा बरोबर निघतो, कारण तिथे माहिती दडवण्याचं कुणाला कारण नसतं. ठाण्यात ते असतं. कुणी स्वतःला वाचवत असतो, कुणी भावकीतल्या माणसाला, कुणी फक्त कोर्टाच्या फेऱ्या टाळत असतो. असा माणूस खोटं न बोलताही दिशाभूल करू शकतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७३ साली निकालात काढलेला ब्रॉन्स्टन खटला प्रत्येक तपासी अंमलदारानं लक्षात ठेवावा असा आहे. सॅम्युएल ब्रॉन्स्टन हे चित्रपट निर्माते. दिवाळखोरीच्या चौकशीत त्यांना विचारलं, स्विस बँकेत तुमचं खातं आहे का? ते म्हणाले, नाही. पूर्वी कधी होतं का? ते म्हणाले, कंपनीचं झुरिकमध्ये सहाएक महिने होतं. ऐकणाऱ्याला वाटलं, म्हणजे यांचं स्वतःचं नव्हतं. प्रत्यक्षात होतं. खोट्या साक्षीबद्दल त्यांना झालेली शिक्षा न्यायालयानं एकमतानं रद्द केली. दिलेलं उत्तर शब्दशः खरं होतं, आणि अर्धवट उत्तराला नेमका पुढचा प्रश्न विचारणं हे विचारणाऱ्याचं काम होतं.

म्हणून उत्तर ऐकताना मनात चार खुणा कराव्यात. जेवढं विचारलं तेवढ्याचं उत्तर आलं का? हे त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं? प्रश्न एकाचा आणि उत्तर दुसऱ्याचं असं झालं का? ‘तो’, ‘ते’, ‘आम्ही’ म्हणजे नेमकं कोण? मराठीत शेवटच्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. ‘आम्ही गेलतो’ यात समोरचा येत नाही, ‘आपण गेलो’ यात येतो, आणि काही जण स्वतःपुरतंही ‘आपण’ म्हणतात. चार जणांवर गुन्हा दाखल असताना ‘आम्ही’ एवढंच लिहून घेणं म्हणजे बचाव पक्षाच्या वकिलाला आयता मुद्दा देणं.

ग्राइसच्या पहिल्या दोन अपेक्षा आपल्या कायद्यातही आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ नुसार माफीचा साक्षीदार होणाऱ्याला एकच अट असते: आपल्याला ठाऊक असलेलं सगळं आणि खरं सांगायचं. १९९६ साली उघडकीला आलेल्या अंजनाबाई गावित बालहत्या प्रकरणात तिचा जावई माफीचा साक्षीदार झाला. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं २००१ साली तिच्या दोघी मुलींना फाशी सुनावली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे २०२२ साली ती जन्मठेपेत बदलली. मात्र सहआरोपीच्या एकट्याच्या तोंडावर न्यायालय विसंबत नाही, त्याला इतर पुराव्याची जोड लागते. ‘सगळं’ सांगितलं की नाही, हे सांगणाऱ्याच्या शब्दांवरून कळत नाही. ते बाहेरूनच पडताळावं लागतं.

प्रश्नातच उत्तर घालू नका

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची चित्रफीत दाखवून वेगाचा अंदाज विचारला. सगळ्यांसाठी प्रश्न एकच होता, फक्त क्रियापद बदललेलं. ‘गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा’ असं ऐकणाऱ्यांनी ताशी सुमारे ४१ मैल सांगितले, नुसत्या ‘धडकल्या’ असं ऐकणाऱ्यांनी ३४. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच चित्रफितीत नव्हतीच. तरी ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती आठवली, ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी सात जणांना. प्रश्नातला शब्द साक्षीदाराच्या आठवणीत जाऊन बसतो, तो असा.

आपल्याकडचा धोका ‘न्हवं’ आणि ‘की’ या शेपटांत आहे. ‘तू तिथंच हुतास न्हवं?’ या प्रश्नाला गावाकडचा माणूस ‘व्हय सायेब’ म्हणतो. त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘तुमचं ऐकतोय’ एवढाच असतो. मोठ्या माणसासमोर दिलेला तो हुंकार असतो, मान्यता नसते. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या चौकशांचा अभ्यास करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ डायना ईड्स यांनी असाच, अधिकाऱ्यासमोर निघणारा पोकळ होकार नोंदवला आहे. त्यावर उपाय सोपा आहे: ‘व्हय’ आलं की थांबावं आणि ‘काय व्हय, तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणावं.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मोकळं कथन: ‘सकाळी उठल्यापासून सांगा, मी मध्ये बोलणार नाही.’ मग त्यातल्या एकेका प्रसंगावर कोण, कुठे, कधी, कसं. हो-नाहीचे प्रश्न अगदी शेवटी. फोटो, फोन कॉलची यादी, सीसीटीव्हीतलं दृश्य हे माणसाचं स्वतःचं सांगून झाल्यावरच पुढे ठेवावं, नाहीतर तो ते पाहून आपलं कथन बेतून घेतो. चुकीच्या शिक्षांच्या काही गाजलेल्या प्रकरणांनंतर १९९२ साली इंग्लंड आणि वेल्सच्या पोलिसांनी चौकशीची जी नवी पद्धत स्वीकारली, तिचे टप्पेही याच वळणाचे आहेत: तयारी, ओळख व खुलासा, कथन, समारोप आणि शेवटी मिळालेल्या माहितीचं मूल्यमापन.

तुमचं वाक्य काय करतं ते ओळखा

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमध्येच मांडलेला विचार असा: बोलणं म्हणजे केवळ माहिती देणं नव्हे, बोलून आपण कृती करतो. वचन देतो, धमकावतो, परवानगी देतो, अटक करतो. वाक्य तेच असलं तरी कोण, कुणाला, कुठे म्हणतो त्यावर कृती बदलते.

‘खरं काय ते सांगून टाक, पुढचं मी बघतो’ हे वाक्य घ्या. मित्रानं म्हटलं तर तो आधार आहे. खाकीतल्या माणसानं बंद खोलीत म्हटलं तर आमिष आहे किंवा धमकी आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २२ इथे ऑस्टिनच्या अगदी जवळ जातं. अधिकारावरच्या व्यक्तीनं आमिष, धमकी, जबरदस्ती किंवा आश्वासन देऊन घेतलेला कबुलीजबाब ग्राह्य नाही. तो तसा घेतला का हे ठरवताना न्यायालय आरोपीच्या बाजूनं पाहतं: या शब्दांमुळे आपला काही फायदा होईल किंवा संकट टळेल, असं त्याला वाजवीपणे वाटलं असतं का? तुमच्या मनात काय होतं यावर ते ठरत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८२ अशा आमिषाला चौकशीतच मनाई करतं.

शिवाय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. तिच्यातून एखादी वस्तू किंवा वस्तुस्थिती शोधून काढली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भागच कामाला येतो. म्हणजे ‘मीच केलं’ हे वदवून घेण्यात खर्ची पडलेली रात्र खटल्याच्या दृष्टीनं वाया गेलेली असते. नोव्हेंबर २०१७ मध्ये शेजारच्या सांगलीत कोठडीत मारहाणीनं एका तरुणाचा मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला, या आरोपावरून उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली. कबुलीच्या हट्टाची किंमत कुठवर जाऊ शकते, हे या भागात कुणाला वेगळं सांगायला नको.

ऑस्टिनचा विचार फिर्याद लिहितानाही उपयोगी पडतो. ‘शिवीगाळ व दमदाटी करून जिवे मारण्याची धमकी दिली’ हा साचा फिर्यादींत सर्रास आढळतो. पण कोल्हापुरात ‘तुला जित्ता सोडत न्हाई’ हे तालमीतल्या दोस्ताला हसत म्हटलं जातं आणि बांधावरच्या भांडणात कोयता हातात घेऊनही म्हटलं जातं. धमकी शब्दांतून ठरत नाही, प्रसंगातून ठरते. म्हणून मूळ शब्द जसेच्या तसे लिहा. कुठे उभा राहून म्हणाला, हातात काय होतं, आधी काय झालं होतं, ऐकणाऱ्यानं पुढे काय केलं, तेही लिहा. साच्यातलं वाक्य उलटतपासणीत टिकत नाही.

कुणावर विश्वास ठेवायचा

न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनानं विश्वासार्ह वक्त्याची, म्हणजे आप्ताची, कसोटी सांगितली आहे. त्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक असली पाहिजे, ती जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे, आणि त्याला ती सांगता आली पाहिजे. साक्षीदार पारखायला याहून नेमकी चौकट शोधून सापडणार नाही. पाहण्यासाठी उजेड होता का, अंतर किती, किती वेळ दिसलं, हा पहिला भाग. हितसंबंध, भीती, वैर हा दुसरा. वय, भाषा, धक्का, आजारपण हा तिसरा. बहुतेक वेळा आपण दुसऱ्या भागावरच अडतो. साक्षीदार अडखळला की खोटा ठरवतो. तो इचलकरंजीच्या मागावर काम करणारा परप्रांतीय असेल किंवा सीमेपलीकडचा कन्नड बोलणारा असेल, तर अडचण तिसऱ्या भागातली असू शकते. तिथे दुभाषी घ्यावा आणि जबाब दुभाष्यामार्फत घेतला हे नोंदवावं.

वात्स्यायन पुढे म्हणतो, की ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सर्वांना सारखीच लागू आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली हाच मुद्दा उलट बाजूनं मांडला: बोलणाऱ्याची जात, वर्ण, लिंग पाहून त्याच्या शब्दाची किंमत कमी करणं हा स्वतंत्र अन्याय आहे. कोल्हापूरला हे नवं नाही. काही जमाती जन्मानंच गुन्हेगार धरून त्यांच्याकडून रोजची हजेरी घेतली जायची. राजर्षी शाहूंनी १९१८ साली आपल्या संस्थानात ती पद्धत बंद केली. ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. तरीही ‘ह्या वस्तीतलाच असणार’ हे वाक्य आजही चौकशीच्या आधीच कानावर येतं. ज्याचं उत्तर ऐकण्याआधीच ठरवलं आहे, त्याला प्रश्न विचारणं ही चौकशी नव्हे.

मौनाचा अर्थ लावतानाही हीच काळजी हवी. १९७२ साली विदर्भातल्या देसाईगंज इथे पोलिसांनी जबाबासाठी बोलावलेल्या एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्याच्या आवारात बलात्कार झाल्याचा खटला चालला. उच्च न्यायालयानं दोन पोलिसांना दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. तिनं आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, असं कारण दिलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यांतला फरक त्यांनी दाखवला. देशभर आंदोलन झालं आणि १९८३ साली कायदा बदलला. गप्प राहण्यामागे भीती असते, लाज असते, प्रश्न न कळणं असतं, आणि संविधानाच्या कलम २०(३) नं दिलेला हक्कही असतो. तेव्हा ‘विचारले असता गप्प राहिला’ एवढंच लिहावं. त्यापुढचा निष्कर्ष लिहू नये.

वाद करा, जल्प नको

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य जाणण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडणारी ती वितंडा. जल्पातलं एक हत्यार म्हणजे छल: समोरच्याच्या शब्दाचा त्याच्या मनात नसलेला अर्थ घेऊन त्याला खोटं पाडणं. ‘मी त्याला ओळखत नाही’ असं कुणी म्हणतं आणि अंमलदार एकाच तालमीच्या मिरवणुकीतला दोघांचा फोटो पुढे करतो. माणूस गडबडतो, खोलीत विजयाचं वातावरण होतं. पण तो ‘ओळख नाही’ म्हणाला ते ‘बोलणं-चालणं नाही’ या अर्थानं असेल, तर मिळालेला विजय उलटतपासणीत पाच मिनिटांत निघून जातो. फोटोआधी विचारायला हवं होतं: नावानं ओळखता? तोंडओळख आहे? कधी बोलला आहात?

कागदावर उतरवताना

१९५३ साली लंडनमध्ये डेरेक बेंटली या एकोणीस वर्षांच्या तरुणाला खुनाबद्दल फाशी झाली. गोळी त्याच्या साथीदारानं झाडली होती. बेंटलीचा जबाब त्यानं आपणहून सलग सांगितला, प्रश्न विचारले नाहीत, असं पोलिसांनी शपथेवर सांगितलं होतं. पुढे भाषाशास्त्रज्ञ माल्कम कुल्थर्ड यांनी त्या जबाबाची वाक्यं तपासली. काही शब्दांची ठेवण सामान्य माणसाच्या बोलण्यात नव्हे, तर पोलिसांच्या लिखाणात सापडणारी होती. आणि कथनात मध्येच, कारण नसताना ‘मला हे माहीत नव्हतं’ अशी नकारार्थी वाक्यं होती. कुणी विचारल्याशिवाय माणूस असं सांगत नाही. १९९८ साली ती शिक्षा रद्द झाली, माणूस गेल्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी.

आपले जबाब याच कसोटीवर वाचून पाहा. ‘सदर इसमास मी ओळखत नाही’, ‘त्याबाबत मला काही एक माहिती नाही’ अशी प्रत्येक ओळ म्हणजे गाळलेल्या प्रश्नाची जागा आहे. तिथे प्रश्नही लिहा. बोलीचा शब्द ठेवा. कोल्हापुरातल्या बाईचं ‘मी गेलो’ हे कागदावर ‘मी गेले’ झालं तर बिघडत नाही. पण ‘ढकललं’चं ‘मारहाण केली’ झालं तर गुन्हाच बदलतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० नं जबाब ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा दिली आहे, तिचा उपयोग करा. २०२० सालच्या परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवायला सांगितले. नीट चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचाच तो बचाव आहे. कारण या कागदाची परीक्षा कसबा बावड्यातल्या न्यायालयात होते, आणि ऑगस्ट २०२५ पासून अपिलासाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरातच आहे.

तुम्हाला बोलावलं असेल तर

- कोणत्या नात्यानं बोलावलं आहे, ते आधी विचारा. साक्षीदाराला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेशानं बोलावतात, आणि अटकेची गरज नसलेल्या संशयिताला कलम ३५(३) ची नोटीस देतात. ‘या जरा चहाला’ हे यांपैकी काय, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.
- महिला, पंधरा वर्षांखालील आणि साठ वर्षांवरील पुरुष, अपंग, मनोरुग्ण आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. जबाब त्यांच्या राहत्या ठिकाणी घ्यावा लागतो.
- विचारलेल्याचं खरं उत्तर देणं बंधनकारक आहे, पण स्वतःला गुन्ह्यात अडकवणारं उत्तर देण्याची सक्ती नाही. हे संरक्षण ठाण्यातल्या चौकशीतही मिळतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली नंदिनी सत्पथी प्रकरणात स्पष्ट केलं. अटक झाली असेल तर चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं.
- ‘माहीत नाही’, ‘आठवत नाही’ आणि ‘पाहिलं नाही, ऐकलं’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत. घाईत एकाच्या जागी दुसरं देऊ नका. प्रश्न कळला नाही तर तसं सांगा, नुसती मान हलवू नका.
- अंदाज अंदाज म्हणूनच सांगा. वेळ, अंतर, रक्कम नक्की माहीत नसेल तर ‘सुमारे’ म्हणा आणि तो शब्द लिहिला गेला का ते पाहा.
- लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा आणि चुकलेला शब्द तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. फिर्यादीवर फिर्यादीची सही असते आणि तिची प्रत मोफत मिळते. तपासात साक्षीदारानं दिलेल्या जबाबावर मात्र सही घेऊ नये, असं कलम १८१ सांगतं.
- दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घेतली नाही, तर मजकूर स्वतः लिहून पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा. तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कलम १७३(४) नं ही वाट दिली आहे. त्या अर्जात घटना आपल्या नेहमीच्या भाषेत आणि घडली त्या क्रमानं लिहा. ठाण्याच्या लिखाणाचा साचा उसना घेऊ नका.